केरबाच्या शेवग्यावरचे पाहुणे

उंबरमळीच्या केरबा थोरातानं उभ्या जन्मात सुरवंटाला सुरवंट म्हटलं नाही. तो त्यांना पावणं म्हणायचा.

गाव कृष्णेच्या काठी, कऱ्हाडच्या खाली अकरा मैलांवर. तेव्हा सांगली जिल्हा झालेला नव्हता. हा सगळा मुलूख साताऱ्यातच मोडायचा. केरबाची नदीलगत तीन एकर जमीन, एक बैलजोडी आणि दारात एक शेवगा. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगानं किडकिडीत, बोलणं कमी, चालणं सावकाश. त्याच्या गळाला लागत तसे मासे भोयांच्या जाळ्यातही येत नसत, एवढीच काय ती त्याची गावात ख्याती.

पावसाळा सरत आला की शेवग्याच्या खोडावर सुरवंट जमायचे. करडे, बोटाएवढे, अंगभर केस. दिवसभर एकमेकांना चिकटून असे पडून राहायचे की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणी झाडाला जुनं घोंगडं गुंडाळून ठेवलंय. दिवस मावळला की वर चढून पाला खायचे आणि उजाडायच्या आत पुन्हा खोडावर हजर. केरबा म्हणायचा, न बोलावता येतात, आल्यावर एका जागी बसतात, जेवायच्या वेळेला बरोबर उठतात आणि एक दिवस न सांगता निघून जातात. मग ह्यांना पावणं नाही तर काय म्हणायचं?

खरं कारण मात्र वेगळं होतं. गळ टाकण्याची विद्या त्याला जोतीराम भोयानं दिली होती. म्हाताऱ्याची एक सक्त ताकीद होती, की आमिषाचं नाव घरापासून पाण्यापर्यंत कुठंही उच्चारायचं नाही. नाव आधी पोचलं की मासा सावध होतो. जोतीराम जाऊन बारा वर्षं झाली, तरी केरबानं ती ताकीद एकदाही मोडली नव्हती.

बाकीचे लोक गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा लावायचे. केरबाचा थाट निराळा. ज्वारीचं वाळकं चिपाड मधोमध चिरून त्याचा तो चिमटा करायचा आणि एकेक पावणा अलगद उचलून वाळक्या भोपळ्यात ठेवायचा. सोबत शेवग्याचा चार पानं पाला, वाटेत उपास नको म्हणून. नदीवर पोचल्यावर बारीक राखेत त्यांना घोळवायचा, की अंगावरचे केस झडून जात. ही पावण्यांची हजामत. मग पाठीची नुसती कातडी गळात ओवायची, म्हणजे पावणा जिवंत राहतो आणि पाण्यात वळवळतो. दोऱ्याला शिसं लावायचं नाही. डोहावर एक जुना करंज वाकलेला होता, त्याच्या फांदीखाली पहिले तीन पावणे तो नुसतेच सोडायचा, गळाशिवाय. पहिली पंगत फुकट. मासा समजायचा, आज झाडावरून खिरापत वाटतायत. चौथ्या पावण्याच्या पाठीत गळ असायचा. तोही फेकायचा नाही, टप् असा पडू द्यायचा. कारण वरून पडलं ते झाडाचं आणि काठावरून उडत आलं ते माणसाचं, एवढं मरळ माशाला कळतं.

त्याच्या बायकोची, राहीबाईची, माशांबद्दल तक्रार नव्हती. तिच्या हातचं मरळीचं कालवण खायला लोक निमित्त काढून यायचे. तिची तक्रार झाडाबद्दल होती. राहीबाईला माणसं लागायची. दुपारच्या वेळी बायका कुणाच्या तरी अंगणात जमत. वाकळ शिवत, धान्य निवडत, बसल्या जागी चार गावांची खबर घेत. राहीबाईचं अंगण आळीत सगळ्यात मोठं, शेणानं रोज सारवलेलं. पण पावसाळा सरताना दोन महिने तिथं चिटपाखरू फिरकायचं नाही. एका वर्षी शेजारची सुलाबाई विसरून शेवग्याला टेकली आणि तीन दिवस मानेला शेण लावून घरात पडून राहिली. तेव्हापासून बायका राहीबाईशी कुंपणापलीकडून उभ्यानं बोलायच्या.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या भाद्रपदात राहीबाईनं निकाल लावला. ज्ञानू सुताराला सांगून ठेवलं, घट बसायच्या आदल्या दिवशी कुऱ्हाड घेऊन ये. केरबानं शेवग्याच्या शेंगांचा मुद्दा काढला. ती म्हणाली, शेंगा माझ्या माहेरून येतील. त्यानं सावलीचा मुद्दा काढला. ती म्हणाली, सावलीत बसतं कोण? शेवटी तिनं सरळच विचारलं.

"आवं, तुमास्नी माणसं पायजेत का सुरवंट?"

केरबाकडं उत्तर होतं, पण ते बायकोला तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

झाड जायचंच, तर निदान शेवटचं एकदा मनासारखं मासे धरावेत, असं त्यानं ठरवलं. राहीबाईचा धाकटा भाऊ नानासो कऱ्हाडात शिंपीकाम करायचा. गळाचं वेड त्यालाही होतं, आणि मोठे गळ कऱ्हाडातच मिळत. केरबाला अक्षर येत नव्हतं. तो शाळेत गेला आणि गुरुजींकडून एक कार्ड लिहवून घेतलं. अर्थात ताकीद पाळून.

"चि. नानासो यास आशीर्वाद. पाहुणे आले आहेत. यंदा पुष्कळ आहेत. मुक्काम दारातच आहे. ही शेवटची खेप असून घट बसायच्या आत काम उरकायचे आहे. तरी पत्र पावताच निघून यावे. येताना सामान आणावे. बारीक आणू नये, मोठे आणावे. इतर कोणापाशी बोलू नये."

लिहिता लिहिता गुरुजींचा हात अडखळला. त्या सालात कृष्णाकाठच्या गावांत पाहुणे या शब्दाचा एकच अर्थ होता. सरकारशी झुंजणारे भूमिगत लोक आज या गावात, उद्या त्या गावात मुक्काम करत, आणि ज्या घरी ते उतरत त्या घराबद्दल गावात कुणी बोलत नसे. गुरुजींनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि हळूच विचारलं, किती आहेत?

साठ-सत्तर असतील, केरबा म्हणाला. मोजले नाहीत.

गुरुजींनी उभं राहून त्याला निरोप दिला. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. पण केरबाला वाटलं, गुरुजींचा पाय अवघडला असेल.

गुरुजींनी ही गोष्ट आपल्या बायकोखेरीज कुणालाही सांगितली नाही. तिनंही फक्त एकीलाच सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलाबाई कधी नाही ती कुंपण ओलांडून आली, फडक्यात बांधलेल्या दहा भाकऱ्या ओट्यावर ठेवल्या, असू द्यात, लागतात, असं पुटपुटली आणि निघून गेली. राहीबाईला वाटलं, हिला आपल्या वागण्याचा पस्तावा झाला. पण दुपारी भामाबाई आल्या, त्यांच्याकडं पंधरा भाकऱ्या आणि खर्डा. मग कुणाचं पिठलं, कुणाचं लोणचं. तिसऱ्या दिवशी घरात साठाच्या वर भाकऱ्या झाल्या. राहीबाईनं नवऱ्याला विचारलं, हे काय चाललंय? केरबानं थोडा विचार केला आणि म्हणाला, शिळ्या व्हायच्या आत बैलांना घाल.

कार्ड म्हणजे उघडं पत्र. ते वाटेत कुणाकुणाच्या नजरेखालून गेलं कोण जाणे. भाकऱ्या बैलांपुढं जायच्या आत, दुसऱ्याच सकाळी नानासो लढाईच्या टंचाईत कोळशावर धावणाऱ्या मोटारीतून उतरून, पिशवी खांद्याला लावून केरबाच्या अंगणात पोचला, त्याच्या मागोमाग अर्ध्या तासानं पोलीस आले. एक तरणे फौजदार, एक आडव्या अंगाचे जमादार आणि दोन शिपाई. सकाळचे दहा वाजले होते. आळीतली दारं पटापट लागली आणि प्रत्येक दाराच्या फटीत एकेक डोळा आला.

फौजदारांनी आधी नानासोची पिशवी उपडी केली. धोतर, तंबाखूची पुडी, पिळदार सुताची रिळं आणि एक पत्र्याची डबी. त्यांनी डबीत बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं. बोटाला रक्त होतं.

हेच का सामान, असं त्यांनी विचारलं. केरबानं डबीत डोकावून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. मोठंच आणलंय, म्हणाला.

मग फौजदारांनी खिशातून कार्ड काढलं आणि ठसक्यात वाचून दाखवलं. पाहुणे कुठं आहेत ते बोल, म्हणाले.

केरबा पेचात पडला. आज नदीवर जायचा दिवस. भोपळा तयार, राख तयार, चिमटा हातात. आत्ता नाव घेतलं तर वर्षाची शेवटची खेप पाण्यात जाणार. म्हणून नाव सोडून बाकी सगळं खरं सांगायचं, असं त्यानं ठरवलं.

"हायती की."

"कुठं?"

"हितंच."

"किती?"

"साठ-सत्तर. कालच्यापरीस चार कमीच."

फौजदारांनी त्या दोन खणांच्या घराकडं पाहिलं आणि शिपायांना आत पाठवलं. माणूस कुणी सापडला नाही. सापडल्या त्या टोपलीभर भाकऱ्या. शिपायांनी ओट्यावर मांडून मोजल्या, त्रेसष्ट भरल्या. घरात माणसं दोन. फौजदारांनी राहीबाईला विचारलं, एवढ्या भाकऱ्या कुणासाठी? तिनं खरं ते सांगितलं, की मलाही कुणी सांगितलेलं नाही. हे उत्तर फौजदारांनी अशा नजरेनं ऐकलं की नानासो हळूच राहीबाईच्या मागं सरकला.

इकडं जमादारांना अकरा मैलांची रपेट जाणवत होती. चौकशी लांबणार असं पाहून त्यांनी टोपी काढली, कॉलरची गुंडी सोडली आणि पाठ निवांत शेवग्याला टेकली. केरबाचं तिकडं लक्ष गेलं आणि त्याचा जीव कळवळला.

"जमादार, जरा सरका की," तो म्हणाला. "पावणं हायती तुमच्या मागं."

जमादारांनी गर्रकन वळून लाठी उगारली. फौजदारांचा हात कमरेच्या पिस्तुलाकडं गेला. शिपाई दोन बाजूंनी धावले. शेवग्यामागं वाळत घातलेल्या शेणी होत्या, दुसरं काही नव्हतं.

"चार-पाच चिरडलं बघा," केरबा हळहळला.

पुढं काय झालं ते जमादारांना सांगावं लागलं नाही. आधी त्यांचा हात मानेकडं गेला, मग पाठीकडं, मग दोन्ही हात दोन्हीकडं. मग त्यांनी पट्टा सोडला. सरकारी गणवेश अंगणभर पसरला आणि जमादार त्या किड्यांना नावानं शिव्या देत चड्डीवर नाचू लागले. राहीबाईनं पदर तोंडाला लावला, आत गेली आणि धनगरी घोंगडं घेऊन आली. सुरवंटाचे केस रुतले की घोंगड्यानं पुसून काढायचे, हे तिथं सगळ्यांना ठाऊक. केरबानं जमादारांना ओट्यावर पालथं घातलं आणि बैल खरारतात तसं खरारायला घेतलं. दारांच्या फटींतून एवढंच दिसत होतं, की केरबा थोरात उघड्याबंब जमादारांच्या पाठीवर बसला आहे आणि ते ओरडतायत.

फौजदार शेवग्याजवळ गेले, वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागं सरले.

"म्हणजे, पाहुणे म्हणजे हे सुर..."

"नाव घिऊ नगा, साहेब," केरबानं हात जोडले. "पाण्यावर जायचं हाय."

सगळा प्रकार त्यानं नाव न घेता समजावून सांगितला. नानासोनं त्याला दुजोरा दिला. पण फौजदार शिकलेले होते आणि शिकलेल्या माणसाला सोपी गोष्ट पटकन पटत नाही. किड्यांना कुणी त्रेसष्ट भाकऱ्या घालत नाही, म्हणाले. मग त्यांनी तोड काढली. चल नदीवर. ह्या पाहुण्यांवर मासा लागला तर तुझं खरं. नाही लागला तर दोघांनाही तालुक्याला नेतो, तिथं बोलशील.

"आन् सोडशीला कवा?" केरबानं विचारलं. "घट बसायच्या आत का मागनं?"

ते मी ठरवीन, फौजदार म्हणाले. केरबानं शेवग्याकडं पाहिलं. घट बसायला आठ दिवस राहिले होते. हा कोठडीत बसला असता तर कुऱ्हाडीला थांबवायला गावात कुणीच नव्हतं. आणि तो गावात असता तरी त्याचं कुणी ऐकणार होतं अशातला भाग नव्हता, पण झाड पडताना निदान जवळ तरी असावं, असं त्याला वाटत होतं.

नदीच्या वाटेवर त्यानं फौजदारांना बूट काढायला लावले. मासा बुटाचा आवाज ओळखतो, म्हणाला. फौजदारांनी बूट काढून शिपायाच्या हातात दिले. काठावर त्यानं सगळ्यांना गवतात बसवलं, बोलायचं नाही म्हणून सांगितलं आणि पावण्यांची हजामत मांडली. नवा मोठा गळ बांधला. करंजाखाली पहिला पावणा सोडला. टप्. पाणी गप्प. दुसरा. तिसरा. तिन्ही पावणे थोडा वेळ वळवळत वाहत गेले आणि वळणावर दिसेनासे झाले. केरबाच्या कपाळाला घाम आला. फुकटची पंगत कुणी जेवलं नाही, असं आजवर घडलं नव्हतं. जमादारांनी आमिषाचं नाव घेत घेत शिव्या दिल्या होत्या, त्याचाच हा परिणाम, अशी त्याची खात्री झाली.

त्यानं आणखी दोन फुकट सोडले. दुसरा पाण्याला टेकतो तोच खालून एक तोंड आलं आणि पाण्यावर नुसतं वर्तुळ उरलं.

केरबानं श्वास रोखला. गळाचा पावणा फांदीवरून घसरल्यासारखा खाली पडू दिला. टप्. दोरा ताणला, काठी वाकली आणि पाण्यात मरळीनं जी मुसंडी मारली ती थेट मुळांच्या जाळीकडं. केरबानं ओढलं नाही. काठी आडवी करून तिला नुसतं दमवत राहिला. मरळ काठावर आली तेव्हा हातभर लांब होती. फौजदारांनी जवळ येऊन तिचं तोंड उघडायला लावलं आणि पुरावा स्वतः डोळ्यांनी पाहिला.

मग इकडंतिकडं पाहून त्यांनी हळू आवाजात विचारलं, आणखी पाहुणे आहेत का शिल्लक? मी एक टाकून बघू का?

दुपारी दोनपर्यंत त्यांनी टाकून पाहिले. एक शिंगटा मासा त्यांच्या हातानं निघाला. जाताना त्यांनी केरबाला बाजूला घेऊन बजावलं, की झडतीत काही आढळलं नाही, एवढंच कागदावर जाईल. साठ सुरवंट धरायला चार माणसं गेली होती, हे साताऱ्यापर्यंत पोचता कामा नये. केरबानं मान डोलावली. गावानं दारांच्या फटींतून पाहिलं ते असं: पुढं केरबा मासा घेऊन, त्याच्यामागं अनवाणी फौजदार, आणि सगळ्यात शेवटी घोंगड्यात गुंडाळलेले जमादार. कुणाला बेडी नाही, कुणाला दोरी नाही.

केरबानं दोन दिवस तोंड मिटून ठेवलं. तिसऱ्या दिवशी लोकांनी चावडीवर त्याला मधोमध बसवून घेतलं, तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही. पाहुणे कुणी नव्हते, शेवग्यावरचे ते होते, गळाला लावायचे, असं त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ सांगून टाकलं. आमिषाचं गुपितही त्यात उघडं पडलं, पण आता झाडच जाणार होतं. मग लालासाहेब पाटलांनी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली.

"असंच सांगायचं, केरबा. कुनी किती बी इचारू दे, सुरवंटच सांगायचं."

त्या दिवसापासून केरबाचं खरं बोलणं कायमचं वाया गेलं. तो जितकं जीव तोडून सांगे तितकं लोक कौतुकानं हसत. गळाला सुरवंट लावून पाहायचं तर कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

राहीबाईचं अंगण मात्र भरायला लागलं. बायका वाकळा घेऊन येत, ओट्याच्या बाजूनं गर्दी करून बसत आणि शेवग्याकडं देवळाकडं बघावं तसं लांबून बघत. जमादार नाचले ती जागा कुठली, घोंगडं कुठलं, फौजदार काय म्हणाले, हे सगळं राहीबाईला रोज नव्यानं सांगावं लागे, आणि तीही ते रोज थोडं नव्यानंच सांगे. पाहुण्यांबद्दल विचारलं की ती हसून सुईत दोरा ओवायला घ्यायची. खोटं ती एक शब्द बोलली नाही.

घट बसायच्या आदल्या दिवशी दुपारी ज्ञानू सुतार ठरल्याप्रमाणे कुऱ्हाड घेऊन आला. केरबा ओट्यावर खांबाला टेकून, गुडघ्यांत मान घालून बसला होता. ज्ञानूनं धोतर खोचलं, हातावर थुंकला आणि झाडाभोवती एक फेरी मारली. तेवढ्यात कुंपणाशी एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. खादीचा मळका सदरा, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, डोळे झोपेनं लाल. दबक्या आवाजात त्यानं राहीबाईला विचारलं, पाहुणे उतरतात ते थोरातांचं घर हेच का?

राहीबाईनं त्याच्या पायांवरची धूळ पाहिली. नवऱ्याकडं पाहिलं. मग कुऱ्हाडीकडं.

"ज्ञानू," ती म्हणाली, "जा बाबा घरला. पावन्यांच्या बसायच्या जाग्यावर कुऱ्हाड चालवत्यात व्हय?"

केरबानं गुडघ्यांतून मान वर काढली. ज्ञानूनं एकदा पाहुण्याकडं पाहिलं, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि आपण काही पाहिलं नाही अशा चालीनं तो निघून गेला.

पाहुणा कुंपण ओलांडून आत आला. चालून चालून त्याचा पाय उचलत नव्हता. समोर शेवग्याची सावली दिसली, तसा तो तिकडं वळला आणि खोडाला पाठ टेकायला खाली वाकला. राहीबाईनं धावत जाऊन त्याचा दंड धरला.

"तितं नगा बसू, दादा," ती म्हणाली. "ती जागा धरलेली हाय."